आईची कोलोनोस्कोपी ठरलीय, धोके नक्की कुठले आणि कितपत?

मधली_बहीण
मंडळी नमस्कार. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई ६९ वर्षांची. जिना चढताना दम लागतो म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४ आणि लोह पार तळाला गेलेलं. वरून दुर्बीण घालून झाली, अन्ननलिका, जठर सगळं ठीक निघालं. शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं म्हणून आता खालून, म्हणजे गुदद्वारातून मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून करायची म्हणाले, बरोबर अकरा दिवसांनी आहे. तिला डायबेटिस आहे, बीपी आहे, आणि दीड वर्षापूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय त्यामुळे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. बाकी बाई चालतीफिरती, डोकं आपल्यापेक्षा तल्लख.

संमतीपत्र घरी वाचायला दिलं होतं. नसतं दिलं तर बरं झालं असतं असं आता वाटतंय. आतड्याला छिद्र पडणे, रक्तस्राव, भुलीची गुंतागुंत, क्वचित प्रसंगी मृत्यू, हे सगळं एका ओळीत, आणि खाली सहीची जागा. भाऊ म्हणतो रद्द कर, या वयात कशाला छळ. आई म्हणते तुम्ही दोघं ठरवा आणि मला सांगा, पण तोंड उतरलंय तिचं. मला धीर नकोय कुणाचा, खरं काय ते हवंय. छिद्र म्हणजे कितीजणांना पडतं, कशानं पडतं, गोळ्यांचं काय करायचं, आणि नळी न घालता दुसरं काही करून भागतं का?

शंकासुर
करू नका. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं आतडं याच तपासणीत फाटलं, रात्रीतून ऑपरेशन, दोन महिने शौचासाठी पोटावर पिशवी. चालत गेलेला माणूस होता. सीटी स्कॅनमध्ये हल्ली सगळं दिसतं, हे नळी घालणं म्हणजे जुना प्रकार.

चष्मिष
शंकासुरकाका, वाईट झालं त्यांचं, पण एका माणसावरून सगळ्यांना करू नका म्हणणं पटत नाही. माझी दोनदा झालीय, वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता म्हणून मला दर काही वर्षांनी करावीच लागते. दोन्ही वेळा खोलीत नेलं एवढं आठवतं आणि मग "उठा, झालं" हे आठवतं. आदल्या रात्रीचं ते पोट साफ करायचं औषध मात्र... जाऊ दे. संडासात मोबाईल चार्ज करून न्या एवढंच सांगते.

उंटावरचा
वाचतोय. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, रात्री निवांत लिहितो.

ऑन_कॉल
मी पोटाचा सर्जन आहे. दुर्बीण मी करत नाही, पण दुर्बिणीत भोक पडलं की पेशंट माझ्याकडे येतो, त्यामुळे या बाबतीत माझं मत जरा कडवट असायला हवं. तरीही माझ्या स्वतःच्या आईचं हिमोग्लोबिन ८.४ आलं असतं तर मी तारीख पुढे ढकलू दिली नसती.

आकडे विचारलेत म्हणून आधी आकडे. अमेरिकेतल्या यूएसपीएसटीएफ या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला होता. काही त्रास नसताना केलेल्या दर १०,००० कोलोनोस्कोप्यांमागे साधारण ३ जणांना छिद्र आणि १४-१५ जणांना मोठा रक्तस्राव. शौचात रक्त सापडलं म्हणून पुढची पायरी म्हणून केली, म्हणजे तुमच्या आईसारखी, तर छिद्र ५ च्या आसपास आणि रक्तस्राव १७-१८. युरोपातला नॉर्डआयसीसी नावाचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात जवळजवळ १२ हजार लोकांची प्रत्यक्ष तपासणी झाली, छिद्र एकालाही नाही, पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, काढल्यावर मोठा रक्तस्राव १५ जणांना. पण हे लोक ५५ ते ६४ वयाचे, बाकी धडधाकट. वय वाढेल तसा आणि सोबतचे आजार असतील तसा धोका वाढतो, आईचा यापेक्षा थोडा जास्तच धरा.

आता भोक कशानं पडतं. तीन वाटा आहेत. एक, डाव्या बाजूला सिग्मॉइड म्हणून आतड्याचा वळणावळणाचा भाग आहे, तिथे नळी पुढे जाण्याऐवजी स्वतःचाच वेटोळा करते आणि त्या वेटोळ्याचा दाब भिंतीवर येतो. आधी पोटाची ऑपरेशनं झाली असतील, आत चिकटलेलं असेल, तर हा भाग हलत नाही आणि दाब जास्त येतो. दोन, आत वारा भरून आतडं फुगवावं लागतं नाहीतर दिसणारच नाही, आणि मोठ्या आतड्याची सुरुवात म्हणजे सीकम हा सगळ्यात रुंद आणि सगळ्यात पातळ भिंतीचा भाग, फुगा जिथे रुंद तिथे ताण जास्त, त्यामुळे कधी कधी नळी पोचायच्या आधीच तिथे उसवतं. तीन, पॉलिप विजेवर कापताना किंवा रक्तवाहिनी जाळताना उष्णता भिंतीच्या आरपार गेली तर. हे तिसरं फसवं असतं कारण त्या दिवशी काहीच होत नाही, दोन-चार दिवसांनी तो जळालेला भाग सुटतो.

छिद्र म्हणजे लगेच ऑपरेशन आणि पिशवी असंही नाही. आतडं स्वच्छ असेल आणि टेबलावरच लक्षात आलं तर बऱ्याचदा दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करता येतं, मग उपास, सलाईन, अँटिबायोटिक. ऑपरेशन लागतं ते उशिरा कळलेल्याला. शंकासुर, तुमच्या त्या गृहस्थांचं कधी लक्षात आलं होतं?

शंकासुर
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. रात्रभर पोट दुखत होतं, ते म्हणत राहिले गॅस आहे, जाईल.

ऑन_कॉल
हेच. गॅसचं दुखणं वारा सरला की उतरतं. छिद्राचं वाढत जातं, पोट फळीसारखं कडक होतं, ताप भरतो, कधी खांदा दुखतो कारण बाहेर आलेला वारा छातीच्या पडद्याखाली जाऊन बसतो. अशा वेळी घरी ओवा देत बसायचं नाही, झोपून बघू म्हणायचं नाही. आणि अगदी क्वचित डाव्या बरगडीखाली दुखतं, चक्कर येते, तेव्हा प्लीहेला इजा झालेली असते कारण आतडं आणि प्लीहा यांच्यात धाग्यासारखे बंध असतात आणि नळीच्या ओढीत ते ताणले जातात. फार म्हणजे फार दुर्मीळ, पण कोणाच्या डोक्यात येत नाही म्हणून सांगतो.

निवृत्त_सिस्टर
एंडोस्कोपीच्या खोलीत २३ वर्षं काढली मी. डॉक्टरांनी नळीचं सांगितलं, मी नळीच्या आधीचं सांगते, कारण माझ्यासमोर जे गडबडलेले पेशंट आले त्यातले निम्मेअर्धे नळी लागायच्या आधीच गडबडले होते.

बाळा, आईच्या सगळ्या गोळ्यांची नावं लिही इथे. सगळ्या. व्हिटॅमिनसकट.

मधली_बहीण
सिस्टर, लिहिते. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन या साखरेच्या. टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवायचं औषध असलेली एक बीपीची. रक्त पातळ करायच्या अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. कोलेस्टेरॉलची एक. आणि हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हापासून लोहाची गोळी रोज.

निवृत्त_सिस्टर
वाटलंच मला. लोहाची गोळी बंद करायला कोणी सांगितलं का? नसेल सांगितलं. आठवडाभर आधी थांबवतात ती, लोहानं शौच काळं आणि चिकट होतं, भिंतीला डांबरासारखं बसतं, कितीही औषध प्या निघत नाही आणि मग डॉक्टरांना आत काही दिसत नाही. दिसलं नाही की परत सगळं पहिल्यापासून, म्हणजे धोका दोनदा. फोन करून विचार त्यांना.

डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी उपाशीपोटी चालू राहिली तर शरीरात आम्ल साठतं आणि गंमत म्हणजे साखर तेव्हा फार वाढलेली दिसतही नाही, त्यामुळे मशीनवर बघून सगळे निर्धास्त राहतात आणि पेशंट उलट्या करत, धापा टाकत येतो. निदान तीन दिवस आधी थांबवतात. ग्लिमेपिराइडनं उलटं, खाणं बंद आणि गोळी चालू म्हणजे साखर धाडकन खाली. बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध आणि वरून जुलाब, दोन्हीकडून पाणी जाणार, किडनीवर ताण येतो. यातली कुठली कधी बंद करायची हे मी सांगणार नाही, ते तिच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायचं, तोंडी नाही. तू फक्त ही यादी घेऊन जा आणि प्रत्येक नावापुढे लिहून घे, कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची. परत कधी हे लोक विचारायचं विसरतात.

आणि क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनानं बंद करू नका बरं का. स्टेंट आहे.

तळ्यात_मळ्यात
सिस्टर दंडवत! वाचनखूण साठवली. यातलं अर्धंही मला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑन_कॉल
सिस्टरना +१. क्लोपिडोग्रेलबद्दल थोडं सविस्तर. नुसती बघायची तपासणी किंवा छोटासा तुकडा घ्यायचा तर या गोळ्या चालू ठेवूनही करतात. पण मोठा पॉलिप सापडला तर तो तेव्हाच काढता यावा म्हणून सहसा क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस थांबवतात आणि अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवतात. स्टेंट नुकता टाकलेला असेल तर थांबवणं जास्त धोक्याचं, कारण आतड्यातला रक्तस्राव आपण बहुतेक वेळा आवरू शकतो, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर खेळ मिनिटांचा असतो. दीड वर्ष झालंय म्हणजे बहुधा हरकत येणार नाही, पण हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. दुर्बीणवाल्यांचा एकट्यांचा नाही, माझा तर नाहीच नाही. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, आणि ते आपणहून बोलतील या भरवशावर राहू नका.

शंकासुर
बरं, पण माझ्या सीटीच्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. आणि बेरियमचा एनिमा असतो, गिळायचा कॅमेरा असतो. हे सगळं सोडून नळीच का?

ऑन_कॉल
रास्त प्रश्न आहे. एकेक घेतो.

सीटी कोलोनोग्राफी म्हणजे गुदद्वारातून लहानशी नळी, वारा भरायचा आणि स्कॅन. छिद्राचा धोका खूपच कमी, भूल नाही, त्यामुळे फार थकलेल्या किंवा फुप्फुसं अगदी अधू असलेल्या माणसाला मीसुद्धा तेच सुचवतो. पण पोट साफ करणं बहुतेक ठिकाणी टळत नाही, थोडंफार रेडिएशन आहे, आणि सापडलं काही तर काढायला शेवटी नळीच घालायची. शिवाय सपाट गोष्टी नीट दिसत नाहीत. या वयात लोह कमी होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे आतड्याच्या अस्तरात फुललेल्या बारीक रक्तवाहिन्या, अँजिओडिसप्लेजिया म्हणतात, त्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल खुणा असतात, त्यांना उंची नसते. असल्या स्कॅनवर त्या निसटतात.

बेरियम एनिमा, म्हणजे गुदद्वारातून बेरियमचं औषध भरून एक्सरे काढणं, आता मागे पडलाय. त्यातही क्वचित छिद्र होतं आणि झालं तर वाईट, कारण विष्ठेबरोबर बेरियम पोटात सांडलं की निस्तरणं मुश्कील. म्हणून नुसती शंका जरी असली तरी बेरियम न वापरता पाण्यात विरघळणारं औषध वापरतात. छोटी दुर्बीण, सिग्मॉइडोस्कोपी, सगळ्यात सुरक्षित, छिद्र १०,००० मध्ये एकालाही नाही असा हिशेब, पण ती डावीकडचाच भाग बघते आणि लोह गळतं ते बऱ्याचदा उजवीकडून. हरवलं एकीकडे आणि शोधतोय उजेड आहे तिथे, असं होईल.

गप्पिष्ट
गिळायच्या कॅमेऱ्याचं मी सांगते! मावसबहिणीला दिला होता, लहान आतडं बघायला. सगळे म्हणाले याला काय धोका, गोळी तर गिळायची. गोळी गेली ती गेलीच, बाहेर यायचं नाव नाही. एक्सरे काढला तर बाईसाहेब आत ठाण मांडून बसलेल्या. तिला सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक चालू होतं, त्यानं आतडं एका जागी आवळलं गेलं होतं आणि ते कोणालाच माहीत नव्हतं, शेवटी ऑपरेशन करून काढली आणि तो आवळलेला भागही काढला. तोवर एमआरआय करायचा नाही अशी तंबी होती, आत धातू ना.

ऑन_कॉल
हो, साधारण शंभरात एक-दोघांची अडकते, क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार, असेल तर जास्त. म्हणून शंका असेल तर आधी विरघळणारी नकली गोळी देऊन रस्ता मोकळा आहे का बघतात.

उंटावरचा
आलो. थोडं मोठं होईल, आणि जेवताना वाचू नका.

माझं वय ५२. उजव्या बाजूला दोन सेंटिमीटरचा पॉलिप निघाला, विजेवर तापणाऱ्या तारेच्या फासानं काढला, संध्याकाळी घरी. पहिले चार दिवस घाबरून वागलो, पाचव्या दिवशी विसरलो. नवव्या दिवशी आम्ही गाडीनं दुसऱ्या गावी चाललो होतो, वाटेत एकदम कळ आली, कशीबशी गाडी थांबवून गेलो तर शौच नाहीच, नुसतं रक्त आणि गुठळ्या. वीस मिनिटांनी परत. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा डोळ्यासमोर अंधारी आली आणि बायकोनं धरलं म्हणून डोकं फुटायचं वाचलं. दुखत मात्र काहीच नव्हतं, हे मला सगळ्यात विचित्र वाटलं होतं, इतकं रक्त आणि दुखणं शून्य.

जे पहिलं हॉस्पिटल दिसलं तिथे शिरलो. तिथल्या डॉक्टरांचे प्रश्न साधे होते, पॉलिप केवढा होता, कुठे होता, किती काढले, क्लिप लावली होती का. मला एकाचंही उत्तर येईना! रिपोर्ट घरी कपाटात. मला आठवत होतं ते एवढंच की डॉक्टर म्हणाले "काही काळजी नाही". रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, परत दुर्बीण घातली, कापलेल्या जागी बुडाशी रक्तवाहिनी उघडी पडली होती तिथे क्लिपा मारल्या, तिसऱ्या दिवशी घरी. नंतर कळलं की खपली साधारण आठवड्यानं गळते तेव्हा हे होतं आणि दोन आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवायचं असतं. डिस्चार्जच्या कागदावर ते छापलेलं होतं म्हणे. असेलही. गुंगीत असलेल्या माणसाच्या हातात कागद दिला तर तो काय वाचणार.

पुढची कोलोनोस्कोपी मी केलीच, दोन वर्षांनी. पण तेव्हा रिपोर्टचा फोटो माझ्या आणि बायकोच्या मोबाईलमध्ये होता आणि पंधरा दिवस कुठेही लांब गेलो नाही.

ऑन_कॉल
उत्तम लिहिलंत. दोन गोष्टी जोडतो. मोठा पॉलिप आणि उजवी बाजू, ही रक्तस्रावाची ठरलेली जोडी. आणि सेंटिमीटरच्या आतले पॉलिप आता बहुतेक जण विजेशिवाय, गार फासानं काढतात, त्यात कापताना थोडं रक्त दिसतं पण नंतरचा उशिराचा रक्तस्राव कमी होतो. वीज नाही म्हणजे भाजणं नाही.

तळ्यात_मळ्यात
भाजण्यावरून आठवलं. माझं छिद्र नव्हतं आणि रक्तही नव्हतं, दुसऱ्या दिवशी ताप १०१ आणि एका ठिकाणी बोट लावू देत नाही असं पोट. तातडीनं सीटी केला, बाहेर हवा नाही म्हणजे भोक नाही. पॉलिप जाळताना भिंत भाजली तर असं होतं म्हणाले, नाव काहीतरी लांबलचक होतं. तीन दिवस तोंडानं काही नाही, सलाईन, अँटिबायोटिक, झालं बरं. पण ते तीन दिवस माझे मीच जाणे.

ऑन_कॉल
पोस्ट-पॉलिपेक्टॉमी सिंड्रोम. दिसतं हुबेहूब छिद्रासारखं, म्हणून सीटी करूनच ठरवावं लागतं.

चष्मिष
डॉक, स्फोटाचं खरं आहे का? कुठेतरी वाचलं होतं की आतल्या गॅसचा स्फोट होतो म्हणून. मला वाटलं थाप असेल.

ऑन_कॉल
थाप नाही, १९७९ मध्ये अशी जीवघेणी केस वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पोट साफ करायला मॅनिटॉल दिलं होतं, ती एक साखर आहे, आतड्यातले जंतू ती आंबवून हायड्रोजन तयार करतात, त्यात विजेची ठिणगी पडली. म्हणून आता बहुतेक ठिकाणी पीईजीचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) औषध देतात, जे जंतूंना आंबवता येत नाही. आणि वीज वापरायची असली तर आतडं नीट साफ हवंच, अर्धवट साफ पोटात ठिणगी नको. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरत असतील तर आणखी चांगलं, तो रक्तात शोषून श्वासावाटे निघून जातो, नंतरची फुगी आणि कळा खूप कमी होतात. हे विचारता येतं, विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

निवृत्त_सिस्टर
औषधांवरून अजून एक. जुन्या फॉस्फेटच्या बाटल्या असायच्या, थोडंसंच प्यायचं म्हणून पेशंटना फार आवडायच्या. त्यानं काहींच्या किडनीत फॉस्फेटचे खडे बसून किडनी कायमची गेली, शेवटी २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कडक इशारा दिला. वय झालेल्या, बीपीची गोळी चालू असलेल्या बाईला ते नकोच. पीईजी चार घोट जास्त प्यावं लागतं, चव... असो. निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं त्या दिवशी पहाटे, असं दोन भागांत दिलं की पोट जास्त स्वच्छ होतं, उरलेला भाग तपासणीच्या दोन तास आधी संपला पाहिजे, नाहीतर गुंगीत ते उलटून फुप्फुसात जायची भीती. सोबत पाणी, मीठसाखरेचं पाणी पाजत राहा. लाल-जांभळ्या रंगाचं काही नको, आत रक्तासारखं दिसतं.

आणि बाथरूमपर्यंत रात्रभर दिवे चालू ठेव. वाटेतलं पायपुसणं उचल. हसू नकोस, या तपासणीच्या आदल्या रात्री घाईघाईत पडून खुब्याचं हाड मोडून घेतलेल्या दोन आज्या मी पाहिल्यात. संमतीपत्रात ते लिहिलेलं नसतं.

मधली_बहीण
सगळ्यांचे मनापासून आभार. काल यादी घेऊन गेले होते. सिस्टर, तुमचं बरोबर निघालं, लोहाच्या गोळीचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं. दुर्बीणवाले डॉक्टर म्हणाले बरं झालं विचारलंत. हृदयाच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद, अ‍ॅस्पिरिन चालू, आणि परत कधी ते तपासणीत काय सापडतंय त्यावर लिहून देणार. साखरेच्या तिन्ही गोळ्यांपुढे तारखा लिहून दिल्या.

मी धीर करून विचारलं की तुम्ही बाहेर येताना किती वेळ बघता. भाऊ माझ्याकडे बघायलाच लागला. डॉक्टर हसले, म्हणाले घड्याळ लावलेलं असतं.

ऑन_कॉल
शाब्बास. इतरांसाठी सांगतो, तपासणी खरी होते ती नळी बाहेर काढताना, आणि निदान सहा मिनिटं तरी त्यात जावीत अशी अपेक्षा असते. घाईत छोटे पॉलिप सुटतात. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिलेल्या अभ्यासांत पहिल्या फेरीत साधारण पाव हिस्सा पॉलिप सुटलेले आढळले, बहुतेक बारीक, पण सुटलेले. सुटणं हाही या तपासणीचा धोकाच आहे, तो संमतीपत्रावर असला तरी कोणी वाचत नाही कारण त्याला "छिद्र"सारखा भयानक शब्द नाही.

शंकासुर
मधलीताई, ऑल द बेस्ट. माझा विरोध मागे घेतला असं नाही, पण यादीचं मला माझ्या गोळ्यांसाठीही करून ठेवायला पाहिजे.

मधली_बहीण
झाली एकदाची! काल झाली, आज जरा बसून लिहितेय.

आदली रात्र वाईट होती. अडीच वाजता आई घाईत उठली आणि तिला भोवळ आली, भिंतीला धरून खाली बसली. दिवा चालू होता आणि मी बाहेर गादी टाकून झोपले होते म्हणून निभावलं. सिस्टर, त्या क्षणी तुमचीच आठवण झाली. साखर बघितली, ७८, मग साखरपाणी दिलं.

गुंगी दिल्यावर मध्ये एकदा ऑक्सिजन ८८ वर आला होता, जीभ मागे पडली होती, त्यांनी हनुवटी उचलून धरली, ऑक्सिजन वाढवला, मिनिटभरात ठीक. हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि रिपोर्टातही लिहिलंय.

आणि सापडलं काय, तर उजवीकडे सीकममध्ये त्या लाल कोळ्यासारख्या रक्तवाहिन्या, दोन ठिकाणी, त्यातली एक नुकतीच गळत असल्यासारखी. दोन्ही जाळल्या. शिवाय आडव्या आतड्यात आठ मिलिमीटरचा पॉलिप, तो गार फासानं काढला, तपासायला पाठवलाय. बाकी कुठे गाठ वगैरे दिसली नाही. शंकासुरकाका, सीटी केला असता तर या लाल खुणा दिसल्याच नसत्या असं डॉक्टर म्हणाले. तुम्हाला टोमणा मारत नाहीये, मीही सीटीच्याच बाजूची होते.

ऑन_कॉल
छान. पण सीकममध्ये जाळलंय, म्हणजे सगळ्यात पातळ भिंत, पहिले चार-पाच दिवस पोटावर लक्ष ठेवा. दुखणं वाढत गेलं तर रात्री दोनलाही जा. पॉलिपच्या रक्तस्रावासाठी दोन आठवडे. क्लोपिडोग्रेलचं काय ठरलं?

मधली_बहीण
दोन दिवसांनी सुरू, लिहून दिलंय. खरं तर कागदावर नव्हतं, निघताना मी परत आत जाऊन लिहून घेतलं. लोह शिरेतून देणार आहेत आता.

शंकासुर
ताई, टोमणा मारलात तरी चालेल. आई कशा आहेत?

मधली_बहीण
पोट मऊ आहे, ताप नाही. सकाळी पहिला वारा सरला तेव्हा तिनं आतल्या खोलीतून ओरडून जाहीर केलं. भाऊ आता रिपोर्टाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवतोय, त्याला आवरतेय.

उंटावरचा
पाठवू दे. नवव्या दिवशी लांब जाऊ नका एवढं बघा.

मधली_बहीण
कॅलेंडरवर खूण केलीय. त्या दिवशी तिला मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचं होतं, त्यावरून सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये.